अदुलीसच्या वाटेवरचे सण

वारा फिरला की जहाज सुटणार, म्हणून तिर्सितने आफ्रिकेतल्या अक्सुम नगरीतून घाईनेच हस्तिदंत गाढवांवर लादला आणि अदुलीस बंदराची वाट धरली.

घाटातच शनिवार उजाडला. समुद्रापलीकडून येऊन स्थायिक झालेल्या यहुदी गाढववाल्याने ओझी उतरवली. "आज विश्रांती, बाई."

"मग तुम्ही दोघं हाका," ती बाकीच्यांना म्हणाली.

"सोबत्याचा सण आणि आम्ही राबायचं? बरं दिसतं का ते?" असं म्हणत दोघंही सावलीत आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या गाढववाल्याचा रविवार. सोमवारी तिसऱ्याच्या चंद्रदेवाची पौर्णिमा. तिघांनी तिन्ही सण सारख्याच भक्तीने पाळले आणि तिर्सितच्या भाकऱ्या त्याहून जास्त भक्तीने संपवल्या.

मंगळवारी ती गंभीरपणे म्हणाली, "आमच्या कुळाचाही देव आहे. त्याला सुट्टी चालते. फक्त सुट्टीला कडक उपास लागतो. पाणीसुद्धा नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बंदर येईपर्यंत कुणालाच सण आठवला नाही.

जहाज अजून किनाऱ्याला होतं. आपल्या सोपारा बंदराहून आलेल्या त्या जहाजाच्या तांडेलाला तिने धापा टाकत विचारलं, "कधी निघताय?"

"आज नाही, ताई. आज आमची निघण्याआधीची समुद्राची पूजा. उद्या पहाटे निघू. बसा, नारळीभात झालाय."

तिर्सित बघते तर तिघे गाढववाले हात धुऊन पंगतीत बसलेले! तिला हसू आवरेना.

"सरका रे जरा," ती म्हणाली, "मालकिणीलाही भूक लागलीय."