अर्ध्या तासाचं भांडण

"आधी बायकोला विचारतो," असं डॉक्टरांना सांगून ऑरिन टास्करने भिंतीकडे तोंड फिरवलं.

म्हणून नॅडीनला फोन गेला. ती पासाडेनाहून वयाला न शोभणाऱ्या वेगाने गाडी हाकत आली. केस सेट केलेले, अंगात निळा झगा. ऑरिनला ओळख पटावी म्हणून ती नेहमी तोच घालायची.

"हृदयाची झडप पार झिजलीय," नर्स लिगाया तिला दारातच म्हणाली. "उद्या सकाळी नवी बसवली तर अजून काही वर्षं मिळतील. नाहीतर नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सणसुद्धा बघणार नाहीत, म्हणतात डॉक्टर. आणि हे ऐकायलाच तयार नाहीत."

"जेवला का?"

"जेली खाल्ली. माझी."

ऑरिनचं उभं आयुष्य कॅमेऱ्यासमोर गेलं होतं. सुरुवातीच्या सगळ्या चित्रपटांत तो मेला. घोड्यावरून पडून, घोड्याखाली येऊन, आणि एकदा घोड्यासाठी झाडलेली गोळी लागून. मग बढती मिळाली आणि तो शेरीफ होऊन दुसऱ्यांना मारू लागला. आता त्यातलं काहीच त्याला आठवत नव्हतं. मध्यंतरी टीव्हीवर त्याचाच एक चित्रपट लागला, तेव्हा त्याने विचारलं, "हा मेंगळट कोण?"

घर मात्र डोक्यात शाबूत होतं. पिवळं स्वयंपाकघर. मागच्या दाराने बेधडक आत येणारे शेजारी. बिस्किट नावाचा कुत्रा. तीन मुलं. आणि नॅडीन. डॉक्टर म्हणाले, असंच होतं. धंदा आधी जातो, संसार शेवटी.

"आलीस?" तिला बघून ऑरिनचा चेहरा उजळला. "हे बघ, मला कापायला निघालेत. मी म्हटलं, यंदा सणाला कापायला टर्की मिळाली नाही वाटतं!"

एवढं बोलून तो थांबला. नॅडीनही थांबली. विनोद झाला की दोघांनी जरा दम खायचा, ही त्यांची जुनी सवय. खोली शांत होती. खिडकीबाहेर बरबँकच्या टेकड्यांवर ऊन तापलं होतं. मग तो पुढे म्हणाला, "मुलं जेवली?"

"जेवली."

"टॉड?"

नॅडीनने पांघरुणाची सुरकुती सरळ केली. टॉड मधला. एके दिवशी जाकीट आणायला म्हणून जिना चढून वर गेला, तो पुन्हा कधी खाली आलाच नाही. त्यानंतर त्या घरात कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

"तोही जेवला."

"वाढत्या वयाचं पोर आहे. कमी पडू देऊ नकोस."

"ऐक ना," नॅडीन म्हणाली, "उद्या ती झडप बसवून घे."

"उद्या? उद्या गॅरेजच्या छपरावर चढायचंय."

विनवण्या करण्यात अर्थ नव्हता. विनवण्या केल्या असत्या, तर तोच तिची समजूत काढत बसला असता. पण नॅडीनला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. त्या घरात कुठलंही भांडण अर्ध्या तासापुढे कधी गेलं नव्हतं, आणि शेवटी माघार घ्यायचा तो ऑरिनच. फक्त त्यासाठी आधी भांडण हवं होतं.

तिने कमरेवर हात ठेवले.

"छप्पर! वर्षभर छप्पर छप्पर ऐकतेय! तू छपराला हात लावलास की माझ्या आईच्या डोक्यावर पाणी गळतं!"

"तुझ्या आईच्या डोक्यावर? एवढं माझं नशीब कुठलं!"

दोघं थांबली. दम खाल्ला.

"आईचं नाव काढू नकोस!"

"मी कशाला काढू? ती स्वतःच येते, दर रविवारी!"

आवाज ऐकून लिगाया घाईघाईने डोकावली. नॅडीनने पाठीमागे हात करून तिला थोपवलं. ऑरिन उठून बसला होता. कित्येक दिवसांनी त्याच्या गालांवर रंग चढला होता.

"आणि तुझं ते खिम्याचं मीटलोफ! कुत्रासुद्धा ते पुरून ठेवतो!"

आता पाठ फिरवायची वेळ झाली होती. नॅडीनने पाठ फिरवली आणि ती खिडकीकडे बघत राहिली. एरवी इथे डोळ्यांत पाणी आणावं लागायचं. आज ते आपणहून आलं.

"गळू दे ते छप्पर," ती म्हणाली. "मला तू हवायस, मूर्खा."



"अगं, मग आधी नाही का सांगायचं?" ऑरिनने हात पसरले. ती जवळ जाऊन बसली. "तू म्हणतेस तर बसवू झडप. पण मला जाग येईल तेव्हा समोर तूच हवीस. परकं माणूस बघितलं की जीव घाबरतो माझा. काल एक म्हातारी आली होती. दुपारभर माझा हात धरून बसली."

"मग?"

"गरीब वाटली बिचारी. हात राहू दिला. पण स्पष्ट सांगितलं, बाई, मी लग्न झालेला माणूस आहे."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बायको नशीबवान आहे तुमची."

नॅडीनने त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि डोळे पुसत ती बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर एडना बसली होती. मांडीवर ऑरिनच्या सपाता आणि धुतलेला पायजमा.

"झाला तयार?" तिने विचारलं.

"झाला."

एडनाने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग उठून नॅडीनच्या कपाळावर आलेली बट हलकेच मागे सारली.

"उद्या त्याला जाग येईल तेव्हा समोर तूच उभी राहा," ती म्हणाली. "लग्न माझ्याशी लागलंय त्याचं, पण बायको म्हणून त्याला तूच पटतेस. खरं सांगू? दर गुरुवारी टीव्हीवर तुम्हा दोघांची ती मालिका बघताना मलाही त्याची बायको म्हणून तूच पटायचीस."