लोह्याची सून

"हिला काढ," शेषेराव म्हणाले.

शिवकन्येनं काढलं. जिच्या साड्या बघून ती ब्लाउजचे गळे ठरवायची, ती मुंबईची नटी एका बोटासरशी गेली.

सासरे बाजेवर, सून खाली सतरंजीवर, आणि सुनेचा मोबाईल सासऱ्यांच्या हातात. इन्स्टाग्रामवर कोणत्या नावाजलेल्या माणसाच्या मागं जायचं अन् कोणाच्या न्हाई, हे आज शेषेराव ठरवून राहिले होते. क्रिकेटवाला राहू दे, घरंदाज दिसतो. कीर्तनकार बुवांचा तर प्रश्नच नव्हता. दुसरी नटी नवरा सोडलेली, ती गेली. पुरणपोळ्या करून दाखवणारी बाई बिनबाह्यांचं घालते म्हणून जाणारच होती, पण वाचली, कारण शेषेरावांना पुरणपोळी लई आवडायची.

शिवकन्या दर नावाला मान हलवत होती. हे सगळं वरवरचं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरं दुखणं सगळ्यात खाली होतं.

"अन् ही कोण?"

ती होती 'लोह्याची सून'. तोंडाला हिरवा स्कार्फ, डोळ्यांवर काळा गॉगल, नाकातून काढलेला आवाज. लोहा म्हणजे त्यांचंच गाव, अन् नांदेड-लातूरकडं तिचं नाव आता नट्यांपेक्षा मोठं झालं होतं. शेषेरावांनी बोट दाबलं.

"आमचे मालक," ती बाई सांगू लागली, "चष्मा कपाळावर ठेवतेत अन् घरभर चष्माच हुडकतेत. हुडकताना आमच्यावर वरडतेत. गावला की देवाचे उपकार मानतेत."

एरवी शिवकन्या पदर तोंडाला लावून हसली असती. आज तिची नजर वर गेली. चष्मा या घडीलाही शेषेरावांच्या कपाळावर होता.

"ह्या घराचा मालक कोण?"

"तुम्ही, मामा."

"अन् ह्या घरात सुना किती?"

"एकच."

"मग?"

"मी न्हाई मामा. आईची शपथ घेऊन सांगते."

शेषेरावांनी शपथ ऐकून घेतली, मानली नाही. काल चहाच्या हॉटेलात चार माणसं त्यांना बघून आपापलं कपाळ चाचपू लागली होती. सोसायटीचा चेअरमन राहिलेला माणूस, त्याची अशी बेइज्जती! घरी येताच त्यांनी लातूरला मुलाला, व्यंकटला, फोन लावला. उद्या ये अन् बायकोला भोकरला तिच्या बापाकडं सोडून ये, कायमची. डाळमिलमध्ये दहा जणांना दम देणारा व्यंकट बापापुढं एवढंच बोलला, "बरं." त्या एका शब्दानं शिवकन्या आतून तुटली होती. भोकरला धाकट्या बहिणीची सोयरीक जुळत आली होती. थोरलीला सासरनं परत धाडलं म्हटल्यावर त्या घराचा उंबरा कोण चढणार?

तिनं आशेनं दाराकडं बघितलं. सरजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सासू तशी तिखट, पण खोटं बोलणारी नव्हे. एक शब्द टाकला तर म्हातारा ऐकेल, असं तिला वाटलं.

सरजाबाईंनी टरफलं पदरातून झटकली. "आम्ही बी ह्या घरात सून म्हणूनच आलो," त्या म्हणाल्या. "तोंड उघडायची टाप होती का आमची?"

शिवकन्येला रडूच कोसळलं. सरजाबाईंनी तिकडं बघितलंही नाही. बादली घेतली, चंद्रीच्या पायाला बांधायला म्हणून दारामागनं एक फडकं ओढलं आणि व्यंकटचा जुना मोबाईल उचलला. चंद्री म्हणजे घरची देवणी गाय. भजन लावल्याशिवाय दूध देत नाही, असं सरजाबाईंचं म्हणणं.

"हे कुठं दाबायचं गं?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं. शिवकन्येनं डोळे पुसत दाखवलं.

"उशीर झाला की पान्हा चोरती ती. तुमचं चालू द्या," म्हणत त्या मागच्या दारानं गोठ्याकडं गेल्या.

शेषेराव सावरून बसले. "तुझा हिरवा स्कार्फ आण. तोंडाला बांध अन् बोल माझ्यासमोर. होऊ दे दूध का दूध, पानी का पानी."

शिवकन्या उठली. तसाच स्कार्फ तिच्याकडं होता. मागच्या आठवड्यात त्यात कडब्याचं कुसळ निघालं, तेव्हा वाऱ्यानं उडून गोठ्यात पडला असेल म्हणून तिनं तो झटकून ठेवला होता. ती दारामागं गेली. खुंटी रिकामी होती.

"न्हाई इथं," ती पुटपुटली.

"लपवलास?" शेषेराव उठून उभे राहिले. "आता काय बाकी राहिलं? पिशवी भर तुझी."

तेवढ्यात त्यांच्या हातातला मोबाईल थरथरला. 'लोह्याची सून' लाइव्ह आली होती. तोच हिरवा स्कार्फ, तोच गॉगल, मागं टांगलेलं गोणपाट.

"राम राम मंडळी. आज थोडंच बोलते. मी जित्ती हाय, अन् ह्या घडीला तुमच्याशीच बोलून राहिले."

शेषेरावांनी मोबाईलकडं बघितलं, मग समोर उभ्या सुनेकडं, मग पुन्हा मोबाईलकडं. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. घरची अब्रू घरात होती. खामखा पोरीला रडवलं, असंही त्यांना वाटलं, पण ते बोलून दाखवणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी सुनेच्याच फोनवरून व्यंकटला एका ओळीचा निरोप बोलून धाडला, येऊ नको. मग परत त्या बाईकडं आले आणि मोबाईल शिवकन्येपुढं धरला.

"हिला राहू दे," ते चक्क हसले. "कोणाच्या घरची भानगड हाय काय की. आपल्याला काय करायचंय?"

शिवकन्येनं डोळे मिटून श्वास सोडला. मागं गोठ्यात चंद्री हंबरली. तिचा आवाज शेषेराव गल्लीच्या टोकावरून ओळखायचे.

दोन श्वास गेले, आणि त्यांच्या हातातल्या मोबाईलमधूनही चंद्री हंबरली.