हळू वाढणारी गाठ

जमुनाबाईच्या तळपायावर काळी गाठ आली होती. मुलगा भुपेंद्र तिला रिपोर्ट ऐकायला आमगावहून गोंदियाला घेऊन आला.

"कातडीचा कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गाठीच्या तुकड्याचे फोटो कॉम्प्युटरनं तपासले. हळू वाढणारा दिसतोय. आत्ताच काढला तर आई बरी होईल."

"हळू वाढते, मंग घाई कायले?" भुपेंद्र म्हणाला. "धान निघू द्या, मंग पाहू."

"आणि झपाट्यानं वाढणारा निघाला असता तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मंग त ऑपरेशन करूनबी काय फायदा होता?"



जमुनाबाईनं खांद्यावरचा लेकाचा हात पाल झटकावी तसा झटकला. "म्याडम, ऑपरेशनचा कागद मले द्या, सही मीच करतो. आन् याले बाहेर काढा."