बाप : वारा

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हम्बोल्ट परगण्यातल्या गांजाच्या जत्रेत पहिला क्रमांक पुकारला गेला. तो लोर्ना फिगेरोआच्या ‘पोरकी’ या संकरित वाणाला मिळाला. वेंडेल क्रीगर दुसरा आला. तीस वर्षं वाण जुळवणाऱ्या वेंडेलला दुसरं येण्याची सवय होती. पण पेरापाशी बारीक गोळ्या दिसल्या की ते झाड नर, ते दिसताक्षणी उपटायचं, हे लोर्नाला शिकवलं होतं त्यानेच.

परीक्षकाने प्रयोगशाळेचा कागद वाचून दाखवला. वासात सर्वांत जास्त मिर्सीन, त्याखालोखाल लिमोनीन, मग मिरीत असतं ते कॅरिओफायलीन. परिणाम: आधी डोकं हलकं आणि जीभ सैल, अर्ध्या तासाने खांदे सैल, शेवटी भूक. आई, लोर्नाच्या मळ्यातली जुनी जांभळी. बाप अज्ञात.

बरणी हातोहात फिरत वेंडेलकडे आली. आधी पपनसाची साल, तिच्यामागून रॉकेल, आणि अगदी तळाशी ओलं लाकूड. त्याने बरणी पुढे दिली नाही. पुन्हा हुंगली.

हा वास त्याने आयुष्यात एकदाच घेतला होता. सात वर्षांपूर्वी, डोंगराच्या धारेवरचे मळेवाले ज्याला अजून ‘बियांचं साल’ म्हणतात त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्याला आपल्याच मळ्यात पाण्याच्या टाकीमागे एक नर सापडला होता. छातीएवढा वाढलेला, सगळी फुलं उमललेली. उपटण्याआधी त्याने सवयीने देठ चोळून बोटं नाकाशी नेली होती. मग झाड जाळलं. पराग मात्र त्याआधीच वाऱ्यावर गेला होता. त्या हंगामात अख्ख्या धारेवरच्या माद्यांना बी धरलं, आणि बी धरलेल्या तुऱ्याला कुत्रंही विचारत नाही. धारेवरच्या सात मळ्यांपैकी दोन कायमचे उठले. गावच्या सभागृहात बैठक झाली, एकेकाला विचारण्यात आलं. आपल्याकडे नर नव्हता, असं वेंडेलनेही सांगितलं.

आपले तुरे त्याने तेव्हा फावड्याने खतात लोटले होते. लोर्नाने तिचं बी राखलं, पुढच्या वसंतात दोनशे रोपं लावली आणि निवडत निवडत त्यांतलं एक ठेवलं.

तिच्याभोवती गर्दी जमली होती. नोंदवहीत बापाच्या रकान्यात काय लिहिणार, असं कुणीतरी विचारत होतं.

“वारा,” लोर्ना म्हणाली. “तोच घेऊन आला, त्याचंच नाव.”

लोक हसले. वेंडेलला ते हसू झोंबलं. जांभळीत हा वास नसतो, तो बापाकडूनच आलाय, असं तो जरा मोठ्यानेच बोलला. लोर्नाने ते मान्य केलं. तिने एवढं पटकन मान्य करावं, याचाच त्याला जास्त राग आला.

“आयतं दारात आलेलं पोर वाढवलंस,” तो म्हणाला. “त्यात तुझी कारागिरी कुठली?”

“वाढवलं ना. बाकीच्यांनी खतात घातलं.”

तिला काही ठाऊक होतं की ती सहज बोलली, हे तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळेना. ती पुढे एवढंच म्हणाली, की पाचपर्यंत रकाना कोरा ठेवायला तिने गसला सांगितलंय. ज्याचा नर असेल त्याने जाऊन नाव द्यावं. वाणाच्या नोंदीत तिच्या नावाशेजारी त्याचंही नाव लागेल, कायमचं.

नोंदवही गस लिंडक्विस्टकडे होती. बियांच्या साली उठलेल्या दोन मळ्यांपैकी एक गसचा. तेव्हापासून तो जत्रेच्या कचेरीत कारकुनी करत होता.

वेंडेलने भाजलेल्या मांसाचं सँडविच घेतलं आणि अर्धं टाकून दिलं. दोनदा तो गसच्या टेबलापर्यंत जाऊन आला. पहिल्या खेपेला त्याने गसच्या गुडघ्याची चौकशी केली, दुसऱ्या खेपेला कुत्र्याची. पलीकडे मांडवात लोर्नाचे फोटो काढणं चालू होतं. ‘पोरकी’ची कुंडी तिने कडेवर घेतली होती आणि एक छायाचित्रकार तिला आणखी जवळ धर, आणखी जवळ, असं सांगत होता. वेंडेल ते पाहत राहिला. मग वळला आणि तिसऱ्यांदा गसच्या टेबलापाशी गेला.

“गुडघा झाला, कुत्रा झाला,” गस म्हणाला. “आता कुणाची चौकशी?”

वेंडेलने खुर्ची ओढली, पण बसला नाही. नोंदीचं बोलायचंय, म्हणाला.

पाचला सात मिनिटं कमी होती. गसने चष्मा लावला, वहीत ‘पोरकी’चं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडून तो थांबला.