दाराखालची फट

सुतार बाथरूममध्ये पडला तो नेमका दाराला आडवा. डावा पाय अंगाखाली असा काही मुडपला, की तो आपला आहे की शेजाऱ्याचा तेच कळेना. कडी आतून लावलेली, हात पोचणार नाही इतकी वर. आणि दारही त्याच्याच हातचं. आत उघडणारं, अस्सल सागवानी. हत्तीनं टक्कर दिली असती तर टेंगूळ हत्तीला आलं असतं.

दाराखाली तीन बोटं फट होती. तिच्यातून त्याला मुलांची पावलं दिसत होती.

"बाबा, घाबरू नका," थोरला म्हणाला. त्याची पावलं जुळलेली होती, म्हणजे वर हातही जोडलेले असणार. तो आत्याकडे वाढलेला. तिच्या घरी देवाला विचारल्याशिवाय दूधसुद्धा उतू जात नसे. "नाव घ्या. तो वरून बघतोय."

"बघतोय तर कडी काढ म्हणावं त्याला."

धाकट्याची पावलं येरझाऱ्या घालत होती. हा वसतिगृहात शिकला. तिथल्या मास्तरांनी त्याच्या डोक्यातून देव काढला आणि मोकळ्या जागेत प्रश्न भरले. "दादा, सरक. धक्का दिला तर दार बाबांच्या कमरेवर येणार. फायर ब्रिगेडची गाडी कुठल्याशा आगीवर गेलीय, तासभर लागेल. तोवर नीट विचार करू."

"अर्धा तास विचारच चाललाय तुझा!"

"आणि तुझा जप!"

लेकीचा नुसता गुडघा दिसत होता. ती दारापाशी मांडी घालून बसली होती. दरसाल विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस मौन पाळून यायची ती. "बाबा," ती मऊ आवाजात म्हणाली, "दुखणं येतं आणि जातं. तुम्ही फक्त त्याच्याकडे बघा."

"बघतोय गं बाई. आलंय, ऐसपैस बसलंय, जायचं नाव काढत नाही."

कमरेतून कळ निघाली तसा सुतार ओरडला, "माझी करवत आणा! दाराच्या वरच्या अंगाला चौकोन कापा, एकजण आत उतरा आणि मला बाजूला ओढा. झालं!"

पावलं पळाली. परत आली.

"बाबा, तिथं सात करवती आहेत."

"मोठ्या दातांची घे."

"मोठे म्हणजे किती मोठे?"

सुतारानं डोळे मिटले. माझ्या एकाही पोराच्या हाताला घट्टा पडू दिला नाही, असं तो जन्मभर मिशीला पीळ देत सांगत आला होता.

कर्र, कर्र झालं आणि थांबलं.

"अडकली," थोरला म्हणाला.

"तिरकी धरलीस. आण इकडे."

"राहू दे. बाबांच्या हातचं दार, मनच धजत नाही. त्याची इच्छा असेल तसं होईल."

"इच्छा कसली? फरशी ओली होती!"

"इच्छा हेच तर दुःखाचं मूळ आहे, दादा."

"तू गप गं!"

मग तिघांचं जे जुंपलं, त्यात आत कुणी पडलंय हेसुद्धा मागं पडलं.

तेवढ्यात फटीत पांढरे केस आले. मग फरशीला टेकलेला गाल, मग एक डोळा. सुताराची बायको. तिचा कशावर विश्वास आहे, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानंही नाही.

तिनं ओल्या फडक्याचं टोक आत सरकवलं. "चोखा. घसा कोरडा पडला असेल."

त्यानं चोखलं.

"फार दुखतंय?"

"हं."

तिनं बोटं आत घातली. त्यानं ती धरली. वर तिघांचं चालूच होतं.

"ऊठ आता," तो म्हणाला. "फरशी गार आहे. बाधेल."

बाहेर काहीतरी घासलं, कण्हलं, परत जागच्या जागी आलं.

"अहो," ती कुजबुजली, "मलाही उठता येईना."