सरकारमान्य भांडण

"आले गं, जिना चढतायत!" शेजारच्या मीराने दारातून सांगितलं आणि क्षमाने घाईघाईने दुसरा स्टो पेटवला. त्यावर भाताचं पातेलं चढवलं. पहिल्या स्टोवर तिच्या सासूचा, शकुताईंचा भात आधीच रटरटत होता. एवढ्याशा खोलीत दोन स्टो, दोन भात आणि मधोमध दोरीवर टाकलेलं एक जुनं लुगडं. घाटकोपरच्या त्या चाळीत घर फुटल्याचा इतका व्यवस्थित देखावा पूर्वी कुणी मांडला नव्हता.

हे सगळं मुलुंडच्या सरकारी वसाहतीपायी. तिथे हप्त्याने गाळे मिळणार होते आणि क्षमाच्या नवऱ्याचा, श्यामसुंदरचा नंबर लागला होता. पण नियम असा, की अर्जदाराचं कुटुंब स्वतंत्र पाहिजे. आईच्या चुलीवर जेवणाऱ्या मुलाला घर आहेच, असं धरायचं. एका खोलीत माणसं किती कोंबलीत ते कुणी बघत नाही, चुली मोजतात. नियम करणाऱ्याने चाळीत संसार केलेला नसावा. अंधेरीला ओनरशिपचे ब्लॉक निघाले होते, पण त्यांचे भाव विक्रोळीच्या कारखान्यातल्या श्यामसारख्या ड्राफ्ट्समनने नुसते ऐकावेत आणि पाणी प्यावं. हा गाळा गेला असता तर त्या दोघांचं सगळं आयुष्य याच खोलीत जाणार होतं.

म्हणून खोटं भांडण ठरलं. चौकशीला येणारा सरकारी साहेब गेला की लुगडं काढायचं आणि गाळा मिळाला की तिघांनी मिळून मुलुंडला जायचं.

अडचण एवढीच, की या सासू-सुनेचं भांडण चाळीत शेंबड्या पोरालाही खरं वाटलं नसतं. लग्नाला तीन वर्षं झाली, आवाज म्हणून चढला नव्हता. रात्री शकुताई आपली वळकटी घेऊन गॅलरीत जात. आत गुदमरतं, बाहेर कसा छान वारा लागतो, म्हणत. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, असं चाळीतल्या सुना एकमेकींना सांगत. श्यामने आईकडून आठवडाभर घोकून घेतलं: सून मीठ जास्त घालते, उलटून बोलते, माहेरी पैसे पाठवते. शकुताई मिठापर्यंत यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसत सुटायच्या. मग क्षमाही हसायची.

"आई, वाट लावशील तू!" श्याम वैतागायचा. "तिथे हसलीस की गाळा गेला समज."

साहेब आत आले. घामाघूम झालेला, सभ्य माणूस. त्यांनी दोन्ही पातेल्यांत डोकावून पाहिलं, लुगडं बोटाने जरा बाजूला केलं आणि दिलेल्या स्टुलावर टेकले.

"मावशी, स्टो काय, सगळेच मांडतात," ते म्हणाले. "भांडण कशावरून झालं ते सांगा."

श्यामने आईकडे पाहिलं. शकुताईंचा पदर तोंडाशी गेला. क्षमाने मान खाली घातली. आता सासूबाई हसणार, असं तिला वाटलं.

"भांडण नाही झालं," शकुताई म्हणाल्या.

श्यामने डोळे मिटून घेतले.

"ही लग्न होऊन आली, त्या रात्री मी म्हटलं, मी गॅलरीत झोपते. म्हणायचं म्हणून म्हटलं हो. वाटलं, हा नाहीतर ही, कुणीतरी म्हणेल, आई, नको. कुणी म्हणालं नाही. हिने वळकटी उचलून बाहेर नेऊन ठेवली. तेव्हापासून येणारा-जाणारा मला ओलांडून जातो. पावसात मीराच्या दाराशी सरकते. सकाळी ही हसून चहा देते, मी हसून घेते. भांडू कशावरून? मीच म्हटलं होतं ना." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता माझा भात मी करते, साहेब."

साहेब लिहायचे थांबले. "म्हणजे मुलाला गाळा मिळाला तर तुम्ही त्याच्याबरोबर जाणार नाही?"

"नाही. ही दोघं गेली की मी आत झोपेन."

"बरं," साहेब म्हणाले. "नियमात बसतं." त्यांना शकुताईंकडे बघवेना. ते लगेच उठले.

श्याम त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आला तो धावतच. गाळा पक्का झाला होता. त्याने एका हिसक्यात दोरीवरचं लुगडं ओढून काढलं.

"झकास! आई, झकास काम केलंस! मी आपलं मीठ-मीठ करत बसलो आणि तू काय काढलंस! साहेब रडायचाच बाकी होता. आता चला मुलुंडला!"

क्षमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वळकटी तिनेच उचलली होती. नवी नवरी होती, एकोणीस वर्षांची, सासू सांगते ते करावं एवढंच तिला ठाऊक होतं. नंतर मात्र ठाऊक नव्हतं असं तिला म्हणता येत नव्हतं. गॅलरीतला खोकला आत ऐकू यायचा आणि ती कूस बदलायची.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही ते खरंच..."

"अगं, नाटक होतं ते!" श्याम हसला. "आई, सांग ना हिला."

शकुताईंनी फळीवरून आपल्यापुरतं एक ताट घेतलं.

"नाटक तीन वर्षं केलं रे," त्या म्हणाल्या. "आज नाही जमलं."