शेवटचा दात

दंतवैद्य हेमांगी कीर्तने यांनी हनुवटी धरून "दुखलं तर हात वर करा" म्हटलं, तेव्हा एकटे राहणारे मोकाशी विरघळले. इतक्या मायेनं त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

किडलेली दाढ निघाली आणि तिथे जायचं कारण संपलं. मग मोकाशी घरी अख्खी सुपारी दातांनी फोडू लागले. तेवढ्यानं भागेना, तेव्हा पक्कड आणली. दात हलू लागला की इस्त्रीचा शर्ट घालून ते दवाखान्यात हजर.

"एवढे धडधाकट दात असे कसे हलतात हो?" डॉक्टर हळहळत. त्या हळहळीवर मोकाशी कित्येक दिवस काढत.

शेवटचा दातही गेल्यावर डॉक्टरांनी कवळी बसवली. म्हणाल्या, "सुटलात काका. आता माझ्याकडे यायची गरज नाही."

मोकाशींना घाम फुटला. त्यांनी एका दमात लग्नाची मागणी घातली. पण नव्या कवळीतून नुसती फसफस बाहेर पडली.

"काही कळलं नाही. घरी आरशासमोर सराव करा," म्हणत डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मोकाशींनी सराव केला. मागणी स्वच्छ घालता येऊ लागली. पण डॉक्टरांकडे जायला आता तोंडात एकही दात नव्हता.